केवड्याला कणीस येत नाही, नुसती फळं धरतात

रेतीवाला:
समुद्राकडच्या कुंपणाला जुना केवडा माजलाय. वासाचं कणीस एकदाही नाही, अननसासारखी हिरवी फळं तेवढी लागतात, पिकली की केशरी होऊन त्यांच्या फोडी खाली गळतात. खत घातलं, वाळकी पानं काढली, फरक शून्य. काही उपाय आहे का की तोडून टाकू? काट्यांनी हात सोलवटून निघतात नुसते.

बनातला:
अहो फळ धरतंय म्हणजे मादी झाड आहे, खताचा काय संबंध. केवड्यात नर मादी वेगवेगळे असतात आणि गणपतीत जे कणीस मिळतं ते नराचं, त्यातली पांढरट पिवळी पानं म्हणजे तुऱ्याचं वेष्टण. तुमच्या झाडाचे फुटवे लावले तर तेही मादीच निघणार. ज्या झाडाला कणीस आलेलं स्वतः बघितलंय त्याचाच मुळं धरलेला फुटवा आणा, पावसाच्या तोंडावर लावा.

चटईवाली:
तोडू नका प्लीज!! ती खाली उतरलेली आधारमुळं रेती धरून ठेवतात. आणि विणायला पानं मादीची पण चालतात. केरळात ह्याच पानांच्या चटया विणतात, तिकडे तळप्पाया म्हणतात. काटे तीन रांगांत असतात, दोन्ही कडांना आणि मधल्या शिरेला खालच्या बाजूने, ते आधी सुरीने सोलून काढायचे मग पान उभं चिरून वाळवायचं. मधली रांग लोक विसरतात आणि मग बोटं रक्ताळतात.

अत्तरप्रेमी:
धंदा मात्र सगळा नराचा. ओडिशात गंजम जिल्ह्यात पावसाळ्यात पहाटे कणसं काढतात आणि तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर उकळतात, ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवली की अत्तर, पाण्यात उतरवली की केवडा जल. हल्ली चंदन परवडत नाही म्हणून बरेच जण पॅराफिन वापरतात, वास तसा बसत नाही हे माझं मत. डोकं दुखलं की केवड्याचं तेल कपाळाला लावायची जुनी पद्धत आहे, पण घट्ट अर्क थेट कातडीवर नको. बाकी शंकराला केवडा वाहत नाहीत, ब्रह्मदेवाच्या बाजूने खोटी साक्ष दिली म्हणून शाप, ती गोष्ट माहीत असेलच.

रेतीवाला:
ओके, तोडत नाही. नराचा फुटवा ह्याच रांगेत लावू का? खारा वारा थेट येतो.

बनातला:
खाऱ्या वाऱ्याचं त्याला काही नाही. फक्त जागा ऐसपैस ठेवा आणि वाटेपासून लांब लावा, नंतर आवरत नाही.