शेवाळाच्या बायोडिझेलचा धूर: स्वच्छ म्हणजे नेमका किती?

इंजिनवेडा
शेवाळाच्या बायोडिझेलला लोक 'स्वच्छ इंधन' म्हणून मोकळे होतात. स्वच्छ म्हणजे काय विचारलं की गाडी लगेच एकरी उत्पन्नावर वळते. म्हणून इथे फक्त सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं तेवढंच बोलू.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये तोवरच्या चाचण्यांचा हिशेब मांडला होता. जड वाहनांच्या इंजिनांत शुद्ध बायोडिझेल जाळलं की काजळीचे कण आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास निम्म्यावर येतात, न जळलेले हायड्रोकार्बन दोन तृतीयांशाने घटतात, पण नायट्रोजन ऑक्साइड १० टक्क्यांनी वाढतात. हे आकडे मुख्यतः सोयाबीनसारख्या तेलांचे, शेवाळाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. नॅनोक्लोरोप्सिससारख्या शेवाळाच्या तेलात ईपीए हे पाच दुहेरी बंधांचं मेदाम्ल भरपूर असतं. दुहेरी बंध वाढले की सीटेन अंक, म्हणजे इंधन किती चटकन पेट घेतं त्याचं माप, उतरतो. इंधन पेट घ्यायला वेळ लावतं, तोवर सिलिंडरमध्ये साठत जातं आणि मग एकदम भडकतं. तापमान चढलं की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो.

मेदाम्लांचा तक्ता दिल्याशिवाय 'शेवाळाचा धूर' असं सरसकट बोलूच नये, असं माझं मत.

क्लोरेला
साफ असहमत. फुप्फुसात खोलवर जाते ती काजळी, आणि तीच इथे निम्मी होते. या इंधनात वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे इंधनाच्या फवाऱ्याच्या गाभ्यात, जिथे हवा पोचत नाही तिथेही काजळी कमी धरते. गंधक नसल्यातच जमा. शिवाय शुद्ध जाळतंय कोण? २० टक्के मिश्रणात नायट्रोजन ऑक्साइडची वाढ २ टक्क्यांवर येते, हेही त्याच अहवालात आहे.

आणि ईपीएचा बाऊ कशाला? युरोपच्या ईएन १४२१४ मानकात चार किंवा जास्त दुहेरी बंधांच्या एस्टरना (बायोडिझेल ज्या रेणूंचं बनतं त्यांना) १ टक्क्याचीच मुभा आहे. एवढं महागडं मेदाम्ल आधी काढून पूरक आहाराला विकतील, जाळतील कशाला? अमेरिकी नौदलाने २०११ मध्ये शेवाळाच्या इंधनावर जहाज चालवलंच की.

इंजिनवेडा
ते बायोडिझेल नव्हतं हो! तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ऑक्सिजन काढलेलं इंधन होतं, तेही निम्मं साध्या डिझेलमध्ये मिसळून. काजळी कमी होण्याचं जे कारण तुम्ही वर दिलंत, ते त्यात नाहीच.

जुना_फिटर
जुन्या यांत्रिक पंपात बायोडिझेल डिझेलपेक्षा कमी दबतं, म्हणून दाब नोझलपर्यंत आधी पोचतो. टायमिंग, म्हणजे इंधन फवारण्याची वेळ, कोणी हात न लावता पुढे सरकतं, फवारा लवकर सुटतो आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. टायमिंग मागे घ्या, ते कमी होतील, पण काजळी आणि डिझेलचा खप वाढेल. कॉमन रेलमध्ये, म्हणजे जिथे इंधन एका सामाईक नळीत आधीच दाबाखाली भरलेलं असतं तिथे, ही भानगड फारशी नाही.

दुसरं, असं इंधन टाकीत पडून राहिलं की खराब होतं. नोझल खोलून बघा, भोकांभोवती डिंकासारखा तपकिरी थर बसलेला असतो. फवारा बिघडला की धूर काळाच येणार, तेल सोयाबीनचं असो की शेवाळाचं.

क्लोरेला
साठवण चुकली तर इंधनाचा काय दोष? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं मिसळता येतात. आणि नव्या इंजिनांत युरियाच्या द्रावणावर चालणारी यंत्रणा नायट्रोजन ऑक्साइडचा बहुतांश भाग मोडून टाकते.

जुना_फिटर
नव्या इंजिनांत, बरोबर. जनरेटर, पंप, बोटी यांत वर्षानुवर्षं जुनीच इंजिनं धडधडत असतात, त्यांना कुठली आलीय युरियाची टाकी?

हिशेबनीस
कार्बन डायऑक्साइड सगळेच विसरलात. सायलेन्सरमधून तो जवळपास डिझेलइतकाच निघतो, फरक तो मुळात आला कुठून याचा. शेवाळाला कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुराड्यातला वायू पाजला असेल, तर तो कोळशाचाच कार्बन, फक्त एकदा जास्त वापरलेला.

इंजिनवेडा
मान्य, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय. क्लोरेला, तुम्ही जे सांगताय त्या एका तरी चाचणीत शेवाळ कुठलं, मिश्रण किती आणि इंजिन कसलं होतं ते टाका, मग पुढे बोलू.

जुना_फिटर
आणि ऑइल किती तासांनी बदललं तेही. काजळीचा फिल्टर जाळून साफ करायला इंजिन जादा इंधन सोडतं, बायोडिझेल लवकर वाफ होऊन उडत नाही, मग ते ऑइलमध्ये उतरतं.