सावंतवाडीची पीयूसी पर्वरीत चालते का?

मिलिंद (बी-२०३): सर्वांना नमस्कार. माझी २०१९ ची पेट्रोल गाडी एमएच ०७ क्रमांकाची असून नोकरीमुळे गेले सात महिने ती गोव्यात, पर्वरीतच आहे. तिची पीयूसी, म्हणजे धुराच्या चाचणीचे प्रमाणपत्र, सावंतवाडीला काढलेली आहे. ती इथे चालेल का? मुदतीबद्दलही कुणी सहा महिने सांगतो, कुणी वर्ष.

प्रभुदेसाई काका (ए-१०१): मिलिंद, पुन्हा काढायची गरज नाही. हा नियम राज्याचा नसून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११५ वा आहे, आणि प्रमाणपत्राचा देशभर एकच नमुना २०२१ मध्ये ठरला. नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसी लागत नाही. पुढे बीएस-४ आणि बीएस-६ या नव्या प्रदूषण मानकांच्या गाड्यांना वर्षाची, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची मुदत मिळते. म्हणजे दोघेही बरोबरच सांगतात, फक्त वेगवेगळ्या गाड्यांबद्दल. तुझी २०१९ ची गाडी नव्या मानकांतली, म्हणून तुला वर्षाची मुदत आहे. मात्र बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी गोव्यात राहणार असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे इथला क्रमांक घ्यावा लागेल. त्यासाठी सिंधुदुर्गच्या आरटीओकडून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणायचे काम आत्ताच सुरू कर.

सुलभा वहिनी (सी-३०२): काका, नियम केंद्राचा आहे, तर दिल्लीत माझ्या भावाची डिझेल गाडी दहा वर्षांतच अडचणीत का आली?

प्रभुदेसाई काका: ती बंदी तिथल्या हवेमुळे फक्त राजधानी क्षेत्रापुरती आली. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षे ही मर्यादा हरित लवादाने घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली, आणि पुढे त्यात सवलतीही आल्या. गोव्यात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते.

सुलभा वहिनी: माझी मुलगी लिस्बनला असते. तिथे चार वर्षांनी पहिली तपासणी, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, सगळे पाहतात.

प्रभुदेसाई काका: वहिनी, माझे म्हणणे नेमके हेच आहे, नुसती धुराची चाचणी पुरेशी नाही. उलट टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली, पण मोठ्या शहरांभोवतीच्या काही काउंट्यांत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, धुराची चाचणी ठेवली. आपल्याकडेही खासगी गाडीला पहिली १५ वर्षे फक्त धुराचीच चाचणी आहे, तर टॅक्सीला फिटनेससाठी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी जावे लागते. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, पडद्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा येतो, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि कागद हातात पडतो; टायरकडे कुणी वाकूनही पाहत नाही. गेल्या पावसाळ्यात चोर्ला घाट उतरताना माझ्या गाडीचा ब्रेक पेडल पार खाली गेला. हँडब्रेक ओढून, पहिल्या गियरवर आम्ही कसेबसे कडेला थांबलो, मागे दोन्ही नातवंडे बसली होती. मेकॅनिकने चाक काढून दाखवले, तर पॅडचे अस्तर पूर्ण झिजून लोखंड डिस्कला घासत होते आणि चाकामागची पाइप गळत होती. पीयूसी तीनच आठवड्यांपूर्वी काढलेली होती.

सोसायटीचे सचिव: काकांच्या सूचनेवरून येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता पार्किंगमध्ये मेकॅनिकला बोलावले आहे. तो गाडी जॅकवर घेऊन ब्रेक आणि टायर पाहील. ज्यांना गाडी दाखवायची आहे, त्यांनी शनिवारपर्यंत वॉचमनकडे नाव लिहावे.

मिलिंद: माझे नाव पहिले लिहा. काका, एनओसीच्या अर्जाला कोणकोणते कागद जोडायचे, ते विचारायला संध्याकाळी घरी येतो.