घोड्याचं चिलखत आणि द्राक्षमळा
"डीएलसीला (म्हणजे व्हिडिओ गेमला वेगळ्या जोडायच्या जादा भागांना) पैसे घेणं म्हणजे सरळ लूट" असं काही जण म्हणतात, ते सरसकट पटत नाही. २००६ साली बेथेस्डा कंपनीने 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं, ती लूटच. (सगळे हसले, आणि घेणारेही निघालेच!) पण 'विचर ३'वाल्यांनी १६ छोट्या डीएलसी फुकट दिल्या, पैसे घेतले ते दोन मोठ्या विस्तारांचे. त्यातल्या 'ब्लड अँड वाइन'मध्ये तर अख्खा नवा प्रदेश, वर नायक गेराल्टला स्वतःचा द्राक्षमळा. तिथे खिशात हात घालायला माझी ना नाही.

डोकं फिरतं ते 'मास इफेक्ट ३'सारख्या प्रकाराने. गेम आला त्याच दिवशी जाविक हे पात्र वेगळे १० डॉलर मोजून घ्या! पानावर बसवून वरणाचे पैसे वेगळे मागितल्यासारखं. कलेक्टर्स एडिशन ही महागडी खास आवृत्ती घेणाऱ्यांना मात्र तोच जाविक फुकट.