मदत हवी आहे: काळविटाचे फोटो काढायचेत, पण कळप पळवून लावायचा नाही

नमस्कार मंडळी, मी औसा तालुक्यातला, शेती करतो आणि दीडेक वर्षापासून फोटोग्राफी शिकायलोय. सोयाबीन निघून हरभरा वीतभर झाला की आमच्या शिवारात हरणांचा कळप येतो, वीस-बावीस असतील, सकाळी सकाळी शेंडे खुडायला हजर. त्यात एक काळवीट लई देखणं हाय, पाठ काळीभोर, पोट आणि डोळ्याभोवतीचं कडं पांढरंशुभ्र, शिंगं पिळाची. मला त्याचा फोटो पाहिजे तो असाच, काळ्या रानात, हरभऱ्यात उभा असलेला.

कॅमेरा सेकंडहँड, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरवाला), लेन्स ७०-३०० मिमीची झूम. मोटरसायकलवर असेपर्यंत सगळी माना वर करून बघत राहतात, पाय खाली टेकला की एखादी मादी उडी घेते आन् मग अख्खा कळप तिच्या मागं. माझ्याकडं नुसते पाठमोरे फोटो जमा झालेत. परवा हरभऱ्यात पालथा पडून दीड तास थांबलो, हरभऱ्याच्या पानावरच्या आंबीनं कोपरं चुरचुरायली, शेवटी आलं ते काळवीट साठ-सत्तर पावलांवर आणि कॅमेऱ्यानं फोकस केला मधल्या ज्वारीच्या पात्यावर! बाकीच्या फोटोत पोट पांढरंफटक जळालेलं, डोळा तर दिसतच नाही. अकरानंतरचे तर पाण्याखाली काढल्यासारखे लिबलिबीत येतात.

दबकत दबकत मागं जा असं कुणी सांगू नका. मागच्या वर्षी कुत्री मागं लागून एक पाडस आमच्या शेजारच्या तारेत अडकलं होतं, मी आणि चुलत्यानं पोतं टाकून सोडवलं, छातीची धडधड हाताला लागत होती. सोडल्यावर चार पावलं गेलं, बसलं, ते उठलंच नाही. तेव्हापासून माझ्यामुळं कळप उधळला की दिवसभर चैन पडत नाही. घरी आण्णा म्हणतात, फोटो काय काढतोस, राखण कर. त्यांचंही चूक नाही, ओळीच्या ओळी खाल्लेल्या असतात.

तर बसायचं कुठं, आणि सेटिंग काय ठेवू?

प्रतिसाद १
भाऊ, काळवीट वासापेक्षा नजरेवर जास्त चालतं, उभा माणूस दिसला की संपलं. रांगत जवळ जायच्या भानगडीत पडूच नका, उजाडायच्या आधी जाऊन बसा आणि त्यालाच येऊ द्या. शेजारी तूर उभी असेल तर तिच्या ओळीत बसा. नराची हद्द ठरलेली असते, एकाच जागी लेंड्यांचा ढीग करतो, तो ढीग हुडका, तिथं तो परत परत येतो. बैलगाडी असेल तर सगळ्यात भारी, बैलगाडीला बुजत नाहीत, फक्त गाडीतून उतरायचं नाही.

फोकसला सिंगल पॉइंट (एकच ठिपका) ठेवा आणि तो डोळ्यावर धरा. काळ्या पाठीमुळं कॅमेरा फोटो जास्त उजळ करतो म्हणून पोट जळतं, एक्स्पोजर अर्धा स्टॉप मायनस, म्हणजे फोटो थोडा गडद, करून बघा. चरत असेल तर शटर १/५०० सेकंद चालतं, उडीला १/२००० लागेल. अकराचा तो लिबलिबीतपणा लेन्सचा नाही, तापलेल्या जमिनीवरची हवा हलते, नऊच्या आत कॅमेरा पिशवीत टाका.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. एक सांगतो, काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत आहे आणि त्या कायद्यात हाकणं, आमिष दाखवणं हेसुद्धा शिकारीतच धरलंय. फोटोसाठी मका टाकून ठेवणारे बघितलेत, तसलं करू नका. गवतात एकटं पाडस बसलेलं दिसलं तर हात न लावता लांब व्हा, आईच ठेवून गेलेली असते.

धागाकर्ता
दोघांचेही लई आभार. लेंड्यांचा तसला ढीग विहिरीकडच्या धुऱ्याला हाय, मला वाटायचं शेळ्यांचा असेल! बैलगाडी चुलत्याकडं हाय, येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) आधी एक दिवस मागून घेतो. डोळा फोकसमध्ये आला की इथंच टाकतो.