दहा पोरं, १६० एकर आणि साबणाची वडी

माळढोक:
‘पायोनियर बायकांकडून शिका’ हा लेख वाचून डोकं उठलं, म्हणून वेगळा धागा. लेखाचं सार असं: १८७०च्या दशकात अमेरिकेत नव्या जमिनीवर वस्ती करायला गेलेली (म्हणजे पायोनियर), नेब्रास्काच्या माळावरची दहा पोरांची आई सगळं घरीच करायची, राखेच्या साबणाच्या वड्यासुद्धा, माणसं भरपूर, म्हणून कामाला हातही भरपूर, कुरकूर म्हणून नाही.

हात कुठले? पोरगं सहा-सात वर्षांचं झालं की पाणी आणणार, गुरं वळणार. तोवर नुसती दुपटी मळवणार. घासणं, उकळणं आणि एकदा खळबळणं एवढंच धरलं तरी एका धुण्याला साधारण १९० लिटर पाणी लागे. विहीर खणेपर्यंत ते ओढ्यावरून, बादलीनं. आदल्या रात्री भिजत घाला, सकाळी पाटीवर घासा, उकळा, वाफाळते कपडे काठीनं उपसा, पिळा, मग नीळ आणि खळ. यात बहुतेक वेळा एक मूल कडेवर आणि एक पोटात.

खुरपं:
मग शेत कोण करणार होतं? मजूर मिळणं कठीण, कारण ज्याला राबायचं तो स्वतःचीच जमीन घेई. १८६२चा होमस्टेड कायदा: सरकारी जमीन १६० एकर, एकूण १८ डॉलर शुल्क, पाच वर्षं राहून कसायची. मका पेरणं, खुरपणं, कणसं खुडणं ही पोरांची कामं. पूर्वेकडे जमीन भरत आली तिथे मुलं कमी, नव्या वस्तीत जास्त. बाईला अडाणी ठरवू नका, तिला हिशेब कळत होता.

माळढोक:
हिशेब कळत होता, पण सातबारा कुणाच्या नावावर? अविवाहित बाई अर्ज करू शके, विधवा करू शके. नवऱ्याबरोबर नांदणारी नाही. दहा बाळंतपणं हिची, जमीन त्याची. आणि ‘नवी वस्ती’ काय? जुनी वस्ती पॉनी या मूळनिवासी जमातीची होती, त्यांना १८७०च्या दशकात इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, हलवलं. पुढे १८७४ला टोळ आले. मका गेला, घोड्यांचे चामडी पट्टेही कुरतडले. तेव्हा तुमचे वीस हात नव्हते, दहा तोंडं होती.

राखुंडी:
तुमचं चालू द्या. मला एकच सांगा, माळावर साबणापुरती लाकडाची राख आणली कुठून? झाड नाही म्हणून तर लोक ढेकळांच्या घरात राहिले. चुलीत बायसनच्या, म्हणजे तिथल्या रानगव्याच्या, वाळक्या शेण्या.

खुरपं:
ओढ्याकाठी कॉटनवूडची झाडं होती. तळाला भोक पाडलेलं पिंप, त्यात गवताचा थर, वर राख, त्यावर पावसाचं पाणी. तपकिरी निवळी ठिबकते. अंडं तरंगून नाण्याएवढा भाग वर राहिला की ती चरबीत घालून उकळायची. पातळ असेल तर चरबी वरच तरंगत राहते, जहाल झाली तर हाताची सालं निघतात. सगळं शक्य होतं, फक्त आळस नको.

राखुंडी:
कृती मलाही पाठ आहे, उपकार झाले. कॉटनवूड हलकं लाकूड, त्याच्या राखेत ओक-हिकरीइतका दम नाही. शेणीची राख आपल्या गोवरीच्या राखेसारखीच, वाळूचा अंश फार. भांडं लख्ख घासून निघेल, साबण होणार नाही. आणि मुख्य म्हणजे राखेच्या निवळीत पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचा क्षार, असतं, त्याचा साबण खिरीसारखा राहतो, मडक्यातून पळीनं काढायचा. मीठ घातल्याशिवाय वडी धरत नाही, आणि मीठ विकतचं. लेखातली बाई सुरीनं वड्या कापते? मग तिनं दुकानातून कॉस्टिकचा डबा आणलाय. तो तेव्हा मिळतच होता.

माळढोक:
धागा साबणाचा नाहीये!

पडवी:
‘ढेकळांच्या घरात’ म्हणणाऱ्यांनी आधी माहिती घ्यावी. ढेकूळ फुटतं. ही गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली माती, नांगरानं पट्टे काढून विटा पाडायच्या: फूटभर रुंद, चार इंच जाड, दोन-तीन फूट लांब. गवताची बाजू खाली, दोन विटांची भिंत, मधूनमधून आडवा थर. सोळा बाय वीस फुटांच्या खोलीला अर्धा एकर माळ सोलायचा. जमीन ओली असतानाच कापायची आणि त्या दिवशी लागेल तेवढीच. वाळली की भुगा. खिडकीच्या चौकटीवर चार बोटं फट ठेवून चिंध्या कोंबायच्या, कारण भिंत पुढे खचते. फट विसरलात की काच गेली. छत गळे, वरून माती आणि कधीकधी साप पडे, म्हणून खाली मांजरपाट ताणायचा. तो धुवायचा कुणी, ते माळढोक यांनी मोजलं नाही.

माळढोक:
घ्या. धुण्यात आणखी एक नग. निदान कुणीतरी विषयावर आलं.

खुरपं:
बरं बाबा, वडी दुकानातली. साष्टांग नमस्कार. पण दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांची राख? तिच्यात पोटॅश भरपूर, ती लाकडाला मागे टाकते. आणि मका घरचा.

राखुंडी:
कणसाचं मान्य, नाइलाजानं. मऊच होईल, पण साबण होईल. फक्त १८७४च्या हिवाळ्यात पिंपात कुठली कणसं जाळून घालणार होता, ते टोळांना विचारून सांगा.