मदत हवी: एटीआरपीत (तांब्याच्या मदतीने पॉलिमरच्या साखळ्या ताब्यात ठेवून वाढवायची पद्धत) पीडीआय (साखळ्यांच्या लांबीतली तफावत, १ म्हणजे सगळ्या सारख्या) १.८ च्या खाली येईना

हळदकन्या: सांगलीत एमएस्सी करतेय, डिझर्टेशनला पीएमएमए (एमएमए या मोनोमरच्या साखळ्यांचं प्लास्टिक) आहे. जीपीसी (साखळ्यांची लांबी मोजणारी चाचणी) पुण्याहून करून आणलं, पीडीआय १.८, एमएन (साखळ्यांचा सरासरी रेणुभार) थिअरीच्या दुपटीहून जास्त. जीव मेटाकुटीला आलाय. सोमवारी सरांना आकडे दाखवायचेत, लवकर सांगा.

मिरजकर: लिगंड (तांब्याला धरून ठेवणारा रेणू)? इनिशिएटर (साखळी सुरू करणारा)? सॉल्व्हंट? तापमान? काहीच लिहिलं नाही. क्युप्रस ब्रोमाइड (तांब्याचा उत्प्रेरक) हवेने हिरवट पडलंय का? ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये ढवळा, पांढरं झालं की इथेनॉलने धुवा आणि व्हॅक्यूमखाली सुकवा. नव्वद टक्के भानगडी तिथेच मिटतात.

कृष्णाकाठ: तांब्याच्या नादाला लागताच कशाला? राफ्ट (तांब्याशिवायची नियंत्रित पद्धत) करा. एआयबीएन (इनिशिएटर) आणि सीटीए (साखळीची वाढ आवरणारा रेणू), बास. शेवटी अ‍ॅल्युमिनाच्या कॉलममधून तांबं काढत बसायला नको.

हळदकन्या: लिगंड पीएमडीईटीए, इनिशिएटर ईबीआयबी, ९० अंश, बल्कमध्ये (सॉल्व्हंटशिवाय). एमएमए आणि इनिशिएटर १०० ला १. नायट्रोजन सोडलाय. तासाभरात इतकं घट्ट होतं की स्टरर अडकतो. राफ्टसाठी लॅबमध्ये सीटीए म्हणून फक्त झँथेट आहे.

वसंत_पॉलि: टेम्पो (साखळी आवरणारं रसायन, तांबं लागत नाही) घ्या, स्टायरीन १२५ अंशाला छान होतं.

हळदकन्या: स्टायरीन नाही हो, एमएमए!

औंधकर: झँथेट व्हिनाइल अ‍ॅसिटेटला, एमएमएला नाही. एमएमएला डायथायोबेंझोएट लागतं. आणि मिरजकर, क्युप्रस खराब असतं तर रिअ‍ॅक्शन रेंगाळली असती. इथे तर ती पळतेय. एमएमएची साखळी ईबीआयबीपेक्षा पटकन जागी होते, म्हणून काही साखळ्या पुढे निघून जातात आणि बरंचसं इनिशिएटर मागे राहतं. म्हणूनच एमएन फुगलाय. क्युप्रस ब्रोमाइडऐवजी क्लोराइड घ्या, म्हणजे हॅलोजन एक्स्चेंज (साखळीच्या टोकाला ब्रोमीनच्या जागी क्लोरीन) होऊन साखळीची वाढ मंदावते. सोबत तांब्याच्या दहा टक्के क्युप्रिक क्लोराइड टाका. अ‍ॅनिसोल (सॉल्व्हंट) निम्मं, तापमान ६०-७०.

मिरजकर: मान्य, पण धुतलेलं कॉपर कधीही बरं.

तासगाव_बागायतदार: द्राक्षबागेवरचा कागद उन्हाने दोन वर्षांत फाटतो. कुठलं पॉलिमर टिकेल?

औंधकर: दादा, वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. ताई, शेवटी एकच सॅम्पल पाठवू नका. दर अर्ध्या तासाला सिरिंजने थोडं काढून एनएमआरवर (रेणूंची रचना दाखवणारं यंत्र) कन्व्हर्जन (किती एमएमए साखळीत गेलं) बघा. एलएन एमझिरो बाय एमची (सुरुवातीचं एमएमए भागिले उरलेलं, त्याचा लॉग) वेळेविरुद्ध सरळ रेघ आली आणि एमएन कन्व्हर्जनसोबत चढत गेला, तरच कंट्रोल आहे म्हणायचं.

हळदकन्या: एनएमआरची पाळी बुधवारी आहे. गॅसवर चालेल का?

मिरजकर: जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी)? चालेल, अ‍ॅनिसोल आतच असेल, तेच इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेचं माप) धरा.