चढताना पाठीत कळ आणि छाती आवळते, आईला आधी कुठे दाखवू? (देवगड)

पाखाडीवरची
मंडळी, तातडीने सल्ला हवाय. आई ६३ वर्षांची, देवगडजवळ गावी असते, मी ठाण्यात. तिला मधुमेह आहे, बीपीची गोळी चालू आहे. या आठवड्यात बाजारातून येताना पाखाडी (दगडी पायऱ्यांची चढण) चढली की दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीत कळ येते आणि छाती आवळल्यासारखी होते. पायरीवर टेकली की थांबतं. "दुखत नाही गो, नुसतं जड वाटतं," म्हणते. शेजारच्या काकी म्हणतात उसण भरली, तेल लावून शेक दे. आंब्याच्या पेट्या उचलल्या होत्या हेही खरं. हाडांच्या डॉक्टरांकडे नेऊ का? की मेपर्यंत थांबून मुंबईला आणू?

सोलकढी
आमच्या ह्यांना पाठीत आणि छातीत असंच व्हायचं, ते पित्त निघालं. पण त्यांना जेवून आडवं झाल्यावर जळजळायचं, चढण्याशी संबंध नव्हता. तुझ्या आईचं वेगळं वाटतंय. ओवा-सोडा देऊन वाट बघू नकोस.

कुडाळचा डॉक्टर
सोलकढीताईंनी नेमका फरक सांगितला. चालल्यावर, चढल्यावर येणारं आणि बसल्यावर थांबणारं दुखणं हे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत हृदयाचं समजायचं. हृदयाच्या संवेदना मज्जारज्जूत जिथे पोचतात, तिथेच छाती, हात आणि पाठीच्या वरच्या भागाच्या नसाही येतात. त्यामुळे त्रास हृदयाला आणि कळ पाठीत, असं होतं. मधुमेही आणि बायकांमध्ये छातीतली ठरावीक कळ नसतेही. दम लागणं, मळमळ, घाम, पाठ भरून येणं एवढंच दिसतं.

स्नायू धरला असेल तर वळताना, हात उचलताना, दाबल्यावर दुखतं. पण दाबून दुखलं म्हणून हृदय ठीक, असंही नाही. पित्ताशयातल्या खड्यांची कळ बहुधा तेलकट जेवणानंतर उजव्या खांद्याकडे जाते. नागिणीत एका बाजूला पट्ट्यासारखी आग होते, फोड मागून येतात. अचानक, फाडल्यासारखी भयंकर कळ आली तर महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) आतला थर फाटल्याची शंका घ्यावी लागते. म्हणून रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन ऐकीव माहितीवर देऊ नका, १०८ वर बोलताना विचारा.

त्रास नवा आहे, तेव्हा आजच ईसीजी काढा. मेपर्यंत थांबणं मला अजिबात मान्य नाही. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी विषय संपत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी लागते, काही तासांनी परतही करतात. बसल्या जागी त्रास झाला किंवा टेकूनही थांबला नाही तर थेट १०८. शेक, मालीश काही नको.

वाडीवरचा
ताई, आधी जवळचं ठिकाण. देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून ईसीजी आत्ता निघेल का विचारा, नाहीतर कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय. पुढे ओरोसला जिल्हा रुग्णालय. मोठं काही निघालं तर आपल्याकडची बरीच माणसं बांबोळीला गोवा मेडिकलला जातात. मुंबई गाठण्यात वेळ घालवू नका. आमच्या वाडीत नातेवाईक यायची वाट बघत रात्र काढतात, ते बघून जीव तुटतो. हृदयविकाराचा झटका असेल तर रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जितकं लवकर, तितकं हृदय वाचतं. गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट पिशवीत घालून ठेवायला सांगा.

पाखाडीवरची
सगळ्यांचे आभार. भावाला फोन केला, तो आत्ता नेतोय. मोटरसायकलवर मागे बसवून नेलं तर चालेल का? घर पाखाडीच्या वर आहे, रस्ता खाली.

कुडाळचा डॉक्टर
मोटरसायकल नको. आणि परत वर चढवू नका. खाली उतरतानाही चालवू नका, खुर्चीत बसवून दोघा-चौघांनी उचला, वाडीतले लोक येतील. खाली रिक्षा किंवा गाडी उभी ठेवा. वाटेत कळ आली तर गाडी तिथेच थांबवून १०८ लावा. तपासणी होईपर्यंत आईंना आज खालीच कुणाकडे तरी राहू दे.

वाडीवरचा
पाखाडीखाली ओळखीचं घर नसेल तर गावाचं नाव मला व्यनि (खाजगी निरोप) करा, कुणीतरी शोधतो.